दोनशे एकोणनव्वद चौकोनांचा पलंगपोस

जुलैत एक काकू माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी एक जुना क्रोशाचा रुमाल काढला. त्यांच्या आईने विणलेला, पिवळट पडलेला, एका कोपऱ्यात विरलेला. "मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. रुखवतात असाच पलंगपोस मांडायचाय. हीच नक्षी हवी." तोवर मी तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळांची टोपडी एवढंच करून दिलं होतं. पलंगपोस कधीच नाही. तरी हो म्हटलं, कारण तो रुमाल हातात घेतल्यावर खाली ठेववत नव्हता.

नक्षी कुठे लिहिलेली नव्हती. ती रुमालातूनच वाचायची होती. काळ्या कापडावर रुमाल पसरला, एका चौकोनाच्या भोकाभोकांत टाचण्या लावल्या आणि भिंग घेऊन मोजत बसले. मधे आठ साखळ्यांचं, म्हणजे एकात एक ओवलेल्या फासांचं कडं, त्यात सोळा खांब, म्हणजे उभे टाके, मग जाळीची एक ओळ, आणि कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. जाळीच्या ओळीत दोन साखळ्या की तीन, यात माझी अख्खी दुपार गेली. तीन धरल्या की चौकोन कडेला लाटेसारखा उठायचा. दोन केल्यावर सपाट बसला.

काकूंच्या आईने बारीक दोऱ्याने विणलं होतं, त्यांचा चौकोन जेमतेम तीन इंचांचा. त्या दोऱ्यात पलंगपोस करायला वर्ष लागलं असतं. मी जाड सुती दोरा आणि तीन मिलिमीटरची सुई घेतली, तसा चौकोन पाच इंचांचा झाला. नमुन्याचे चार चौकोन करून धुतले, वाळवले आणि मगच माप धरलं. सुती दोरा धुतल्यावर थोडा आटतो, त्यामुळे न धुता घेतलेल्या मापावर एवढं मोठं काम उभं करायची माझी हिंमत नव्हती.

गादी बहात्तर बाय अठ्ठ्याहत्तर इंच. दोन्ही बाजूंना आणि पायाकडे खाली सोडायचं धरून नव्वद बाय नव्वद ठरलं. सतरा ओळींत सतरा चौकोन, म्हणजे 289, आणि चारी बाजूंना अडीच इंचांची किनार. एका चौकोनाला आठ ग्रॅम दोरा आणि चाळीस मिनिटं. चौकोनांचेच 190 तासांच्या वर, शिवाय जोडणी आणि किनार, असे मी 240 धरले. तासाला 80 रुपये आणि दोऱ्याचे तीन हजार धरून 22,200 झाले, वरचे दोनशे सोडून 22,000 सांगितले. सांगताना छाती धडधडत होती. काकू क्षणभर गप्प झाल्या. मी हिशेबाचा कागदच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि निम्मे पैसे आगाऊ दिले. क्रोशाचं काम करणाऱ्या प्रत्येकीने हा कागद करावा असं मला मनापासून वाटतं. नुसता आकडा सांगितला की तो गिऱ्हाइकाला दोऱ्याचा भाव वाटतो, त्यातले तास दिसतच नाहीत.

तीन किलो दोरा एकदमच घेतला, प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत तयार झालेल्या दोऱ्याचा क्रमांक, ताडून. पांढऱ्यातही फरक असतो आणि तो शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतो.

सप्टेंबरात 110 चौकोन झाले होते. जोडायला घ्यावेत म्हणून पहिले दहा जमिनीवर एका ओळीत मांडले आणि त्यांच्या खाली शेवटचे दहा. खालची ओळ अडीच इंच पुढे गेली. मी पट्टी आणून पुन्हा मोजलं. सुरुवातीचे चौकोन बरोबर पाच इंच होते, शेवटचे जवळपास चाळीस सव्वापाच. सुरुवातीला भीतीने दोरा बोटावर घट्ट धरत होते, पुढे सवय झाली तसा हात सैल पडला. सुई तीच, दोरा तोच. पाव इंच एका चौकोनात डोळ्याला दिसत नाही, सतराच्या ओळीत तो सव्वाचार इंच होतो. ओढून ताणून जोडलं असतं तर पलंगपोस मधेच फुगला असता.

चाळीसही उसवले. त्या रात्री मला फार रडू आलं. उसवलेला दोरा कुरळा होतो, तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड्या केल्या, धुतल्या आणि खाली वजन बांधून वाळत घातल्या. तिथून पुढे पावणेतीनची सुई घेतली आणि पाच इंचांचा एक पुठ्ठा कापून प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून पाहिला. दर तासाला उठून मनगटाला आराम द्यायचा नियमही तेव्हाच लावून घेतला, कारण थकलेला हात आणखी सैल विणतो.

जोडणी मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड टाक्यांनी केली, उलट्या बाजूने. नोव्हेंबरच्या मध्यावर किनार संपली. ओला पलंगपोस दोरीवर टाकला तर स्वतःच्या वजनाने लांबतो, म्हणून गच्चीवर चादरी अंथरून त्यावर सपाट पसरला. बहिणीने आणि मी चारी कडा मोजून सरळ केल्या आणि ऊन उतरेपर्यंत कावळ्यांपासून राखण करत तिथेच बसलो. वाळल्यावर भरला साडेएकोणनव्वद इंच.

काकूंनी तो पलंगावर घालून पाहिला. त्यावर आईचा रुमाल ठेवला आणि दोन्हीतल्या कोपऱ्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. उरलेला दोरा आणि जास्तीचे दोन चौकोन मी पिशवीत घालून दिले, म्हणजे कधी कुठे विरलं तर त्याच लॉटचा दोरा हाताशी असेल.