ठाणे ते द्रोणागिरी: काकांची एल-70

रविवारी सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवरून नेरूळ लोकल पकडली. डावीकडे एमआयडीसीच्या शेड आणि मागे पारसिकचा डोंगर. नेरूळला उतरून उरणची गाडी धरली. या मार्गावर गाड्या कमी, त्यामुळे वेळ बघूनच निघावं लागतं. खारकोपरनंतर डबा रिकामा झाला. खाजणं, तिवरं, मध्येच पाण्यात उभे बगळे. न्हावा-शेवाजवळ कंटेनरच्या थप्प्या लागल्या आणि पुढच्याच स्टेशनला, द्रोणागिरीला, मी उतरले.

7 मे 2025 ला देशभर हवाई हल्ल्याची रंगीत तालीम झाली, त्या यादीत ठाणंही होतं आणि उरणही. तेव्हा घाबरून इथे राहणाऱ्या काकांना फोन केला होता. ते एवढंच म्हणाले, "ये एकदा. बसून बोलू."

काका भरती झाले ते तोफखान्यात. 10 जानेवारी 1994 ला सैन्यात हवाई संरक्षणाची वेगळी कोअर, म्हणजे शाखा, झाली, तेव्हापासून ते तिचे. टीव्हीशेजारी युनिटने निरोपाला दिलेलं पितळी नळकांडं आहे, फूटभराहून जरा उंच. 40 मिलिमीटरच्या गोळ्याचं रिकामं आवरण. काकू ते चिंचेने घासते, त्यामुळे आत बघितलं तर तळाशी आपलाच चेहरा दिसतो.

"एल-70 म्हणजे काय, माहितीये?" काकांनी विचारलं. "नळी तोंडाच्या सत्तरपट लांब. कर हिशोब."

पावणेतीन मीटरच्या वर. ही तोफ मूळची स्वीडनच्या बोफोर्सची, आपल्याकडे 1960च्या दशकात आली आणि मे 2025 मध्ये ड्रोन पाडायला पुन्हा कामी आली. चार गोळ्यांची एक क्लिप. मिनिटाला 300च्या आसपास गोळे सुटतात, म्हणजे क्लिप एक सेकंदही पुरत नाही. काकांनी उशी हातात घेऊन दाखवलं: उचल, वळ, वरून खाली दाब, हात काढ. गुडघे दुखतात त्यांचे, पण हात अजून तसेच चालतात. उजव्या कानाने मात्र जवळजवळ ऐकू येत नाही.

"पण गोळा भरणं सोपं गं. अवघड काय, तर न मारणं." तोफेला हुकूम असतात. 'फ्री' म्हणजे विमान आपलंच आहे हे पक्कं ओळखता आलं नाही की मारा. 'टाइट' म्हणजे शत्रूच आहे हे पक्कं ओळखल्याशिवाय बोट हलवायचं नाही. काकांच्या मते सगळं शिक्षण त्या दुसऱ्या शब्दात आहे. त्यांनी बलवंतराय मेहतांची गोष्ट काढली. 19 सप्टेंबर 1965, गुजरातचे मुख्यमंत्री साध्या बीचक्राफ्टमधून कच्छच्या सीमेकडे चालले होते. पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते पाडलं, आठ माणसं गेली. पाडणाऱ्या कैस हुसेन यांनी 2011 मध्ये त्या बीचक्राफ्टच्या वैमानिकाच्या, जहांगीर इंजिनिअर यांच्या, मुलीला ई-मेल लिहून दुःख व्यक्त केलं. 46 वर्षांनी!

मी म्हटलं, "शत्रू असेच वागतात."

काका गप्प झाले. काकूने चहा आणला, तोही निवला. मग म्हणाले, "माझ्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, एक मिझो पोरगा होता. सुट्टीत मला ऐझॉलला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने त्याच्याकडून मला विचारलं, तुमची तोफ विमानं पाडते ना? मग त्या दिवशी कुठे होती?"

तो दिवस 5 मार्च 1966. मिझो बंडाच्या वेळी ऐझॉलवर हवाई हल्ला झाला. विमानं आपल्याच हवाई दलाची, शहर आपलंच. मी हे कुठल्याही इयत्तेत शिकले नाही. काकांनी त्या बाईंना उत्तर दिलं नाही, त्यांच्याकडे नव्हतंच. मला यात दुसरी बाजू दिसत नाही. 1937 मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले ते पाप, मार्च 1945 च्या एका रात्रीत टोकियोत लाखाच्या आसपास माणसं जळाली तेही पाप, आणि ऐझॉलही. तिरंगा रंगवलेला होता म्हणून बॉम्ब कमी भाजत नाही.

उन्हं उतरल्यावर गच्चीत गेलो. एका बाजूला बंदराच्या क्रेन. काकांनी बोट फिरवलं: तिकडे ओएनजीसी, तिकडे नौदलाचं करंजा. मध्ये कोळी-आगरी गावं, शाळा, सिडकोच्या इमारती, वाळत घातलेले कपडे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पुरवणीत नागरी वस्तीवर सरसकट मारा करायला बंदी आहे, आणि लष्करी ठिकाणं दाट वस्तीत किंवा वस्तीजवळ ठेवणं टाळावं असंही म्हटलंय. त्या पुरवणीत भारत अजून सामील झालेला नाही. आपण व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. इथे राहणाऱ्यांना तेवढं तरी मिळायला हवं.

"आणि आम्ही वर मारतो ना, तेसुद्धा खालीच येतं," काका म्हणाले. "तुकडे कौलावर पडतात. सायरन वाजला की गच्चीत मोबाइल घेऊन उभी राहू नकोस."

नव्या विमानतळाच्या दिशेने एक विमान खाली येत होतं. डावा कान वळवून काका थांबले, बोलणं अर्धं राहिलं. दिवे दिसेपर्यंत ते हलले नाहीत.

"प्रवासी आहे," म्हणाले, आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले.