प्रभूच्या मेजाकडे जाताना

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी आमच्या मंडळीत काही जण शेजाऱ्याशी कुजबुजत पुढे जातात आणि भाकर व द्राक्षारस घेऊन त्याच ओघात जागेवर येऊन बसतात. काही जण मात्र पापांगीकाराची प्रार्थना मनापासून म्हणूनही बाकावरच बसून राहतात, कारण आपण त्या मेजाला लायक नाही अशी त्यांची खात्री असते. पहिल्यांविषयी उपदेशांतून पुष्कळ बोलले जाते. मला दुसऱ्यांची अधिक काळजी वाटते.

त्यांची भीती बहुधा बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातील २७व्या वचनातून आलेली असते. अयोग्य प्रकारे ही भाकर खाणारा प्रभूच्या शरीरासंबंधी व रक्तासंबंधी दोषी ठरतो, हा इशारा आपण दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गापासून ऐकत आलो आहोत; परंतु पौलाने तो कशावरून दिला, हे १७व्या वचनापासून वाचल्याशिवाय कळत नाही. करिंथ येथे मंडळी एकत्र जेवायला जमत असे आणि ज्यांच्याकडे भरपूर होते ते आपले जेवण आधीच उरकून घेत, त्यामुळे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवणारी ती पंगत प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौल स्पष्ट सांगतो. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असेही तो लिहितो, पण ती करून मग खावे व प्यावे, असे त्याचे सांगणे आहे.

हे पुण्यातल्या ख्रिस्ती माणसाला तर चटकन उमगावे. १८९० साली पंचहौद मिशनमधील चहावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. ज्या शहरात मिशनऱ्यांच्या चहाने एवढे वादळ उठले, तिथेच, गुरुवार पेठेतील त्याच आवारातल्या पवित्र नाम देवालयात, निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एकाच प्याल्याला ओठ लावत होती. त्यासाठी आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी घरदार आणि नातीगोती गमावली. आज मात्र सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते आणि पुढच्या रविवारी तेच हात मेजापुढे पसरले जातात. पौलाचा इशारा मला इथे लागू पडताना दिसतो. रांगेतल्या कुजबुजीपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

बाह्य आदर अनावश्यक आहे, असे मी म्हणत नाही. चौथ्या शतकात येरुशलेमचे बिशप सिरिल यांच्या नावे असलेल्या शिकवणीत, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांनी डाव्या हाताचे उजव्या हातासाठी सिंहासन करावे, कारण तो राजाला स्वीकारणार आहे, आणि भाकरीचा कणही सांडू देऊ नये, असे सांगितले आहे. मुलांना हात असे धरायला शिकवावे, असे मला मनापासून वाटते. चपला काढून जाणे, डोक्यावर पदर घेणे, परतल्यावर काही क्षण गुडघे टेकणे, यांतून शरीर मनाला जागे ठेवते.

खरी तयारी मात्र शनिवारी घरीच व्हायला हवी. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असे येशूने सांगितल्याचे मत्तय ५व्या अध्यायात नोंदवतो. वाटणीवरून भावाशी अबोला असेल, तर शनिवारी संध्याकाळी आपणच त्याला फोन करावा. त्याने तो घेतला नाही, तरी आपल्या बाजूने दार उघडे ठेवून मेजाकडे यावे. अपराधाचे ओझे फारच जड झाले असेल, तर बाकावर एकट्याने सोसत बसण्यापेक्षा पाळकांना आधी भेटावे. त्यांना बोलावणे झाले आहे ते अशाच माणसांना धरून मेजापर्यंत आणण्यासाठी.

आमच्याकडे विधीच्या वेळी पौलाच्या त्या ११व्या अध्यायाचे वाचन २३व्या वचनापासून सुरू होते. येत्या उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) ते १७व्या वचनापासून सुरू करून ३३व्यापर्यंत, जेवायला जमल्यावर एकमेकांची वाट पाहा असे जिथे सांगितले आहे तिथपर्यंत न्यावे, अशी विनंती मी आमच्या पाळकसाहेबांना करणार आहे.