मेगापोडचं अंडं आणि ओला बोळा

जुलै महिना. मुंबईतल्या आमच्या संग्रहात अंड्यांचे जुने लाकडी ड्रॉवर तपासणं चालू होतं. एकात कापसावर लांबुळकं, मातकट अंडं होतं, वर पांढरी भुकटी. चिठ्ठीवर 'निकोबार' एवढंच वाचता येत होतं. नव्या सहकारी मुलीला वाटलं पाळीव हंसाचं (इंग्रजीत goose) असेल, बुरशी आली असेल. तिने ओला बोळा उचललाही होता. "पाणी लावू नकोस गं!" मी जवळजवळ ओरडलोच.

व्हर्निअर लावला: लांबी 82 मिलिमीटर, रुंदी 52. हंसाचंही साधारण एवढंच भरतं, पण ते पांढरट आणि जाड कवचाचं. इथे फुंकून रिकामं करायच्या भोकाशी कवच पातळ दिसलं, आणि दोन्ही टोकं जवळपास सारखी. निकोबारी मेगापोड! पक्षी कोंबडीएवढा, पण अंडं तिच्या अंड्याच्या दुपटीहून जड. त्यात बलकाचा वाटा फार मोठा.

हा पक्षी अंड्यावर बसत नाही. किनारी जंगलाच्या कडेला वाळू, प्रवाळाचा चुरा आणि पालापाचोळा पायांनी ओढून ढीग रचतो. पाला कुजताना आत सुमारे 33 अंश ऊब राहते. 70 दिवसांहून जास्त काळाने पिल्लू चोचीने नव्हे, पायांनी कवच फोडतं आणि स्वतःच उकरत वर येतं. पातळ कवच त्याच्या कामाचं. मात्र ढीग समुद्राला लागून असतात, म्हणून 2004 च्या त्सुनामीत कितीतरी वाहून गेले.

ताज्या अंड्याची गुलाबीसर छटा ढिगातल्या मातीने तपकिरी होते. ही माती म्हणजे त्या ढिगाचीच खूण, आणि ओल्या बोळ्याने तीच आधी गेली असती. भिंगाखाली भुकटीत बुरशीचे तंतू नव्हते, क्षाराचे कण होते. लाकडातून सुटणारी ॲसिटिक आम्लाची वाफ कवचातल्या चुन्याला खाते, आणि आपल्या पावसाळी दमटपणात हे झपाट्याने होतं. हा क्षार पाण्यात विरघळतो, म्हणजे पुसायला जावं तर तो कवचाच्या छिद्रांत आणखी मुरतो.

कोरड्या मऊ ब्रशने भुकटी तेवढी काढली, डाग राहू दिले. कापूस काढून टाकला आणि पॉलिथिन फोमची खाच कापली. अंडं स्टीलच्या कपाटात ठेवलं, शेजारी सिलिका जेल. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास.

चिठ्ठीवर बेटाचं नाव नाही, याची हळहळ वाटते. निकोबार बेटांमधल्या सोंब्रेरो सामुद्रधुनीच्या उत्तरेला या पक्ष्याची एक उपजात आहे, दक्षिणेला दुसरी. भोकाच्या कडेला प्रवाळाचे दोन कण चिकटलेले होते. ते काचेच्या कुपीत घालून कुपीवर अंड्याचाच क्रमांक टाकला.