क्लबच्या मंडळींसाठी: घरट्यांचे फोटो बंद, रॉ फाईल मस्ट

मंडळी, मागच्या मीटिंगला बरेच जण नव्हते म्हणून सविस्तर लिहितेय. आपल्या क्लबच्या पक्षी-प्राणी फोटो स्पर्धेचे दोन नियम बदललेत. यंदापासून घरट्यातले फोटो घेणार नाही, पिल्लं कितीही गोड असोत. आणि निवड झालेल्या प्रत्येक फोटोची मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाईल, फोटोत फेरफार केलाय का ते तिच्याशी ताडून बघता येतं) द्यावी लागेल, त्यामुळे जे फक्त जेपेगवर (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला नेहमीचा फोटो) काढतात त्यांनी आजच कॅमेऱ्यात रॉ प्लस जेपेग सेट करून टाका, नंतर हळहळून उपयोग नाही.

रॉवरून थोडी कुरकुर झाली, की एवढ्याशा क्लबात कशाला ही तपासणी. पण वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या वन्यजीव फोटोंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काय झालं बघा. २००९ चा मुख्य विजेता फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, नंतर बाद केला कारण तो लांडगा शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. २०१७ मध्ये जिंकलेला मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद झाला, तो प्राणी बहुधा पेंढा भरलेला होता म्हणून. फोटोग्राफरांनी दोन्ही वेळा आरोप नाकारले. पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते, ही एडिटिंगची भानगड नव्हतीच, नुसत्या रॉ फाईलवरून यातलं काही कळलं नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की कॅप्शन खरी लिहा. प्राणी पिंजऱ्यातला किंवा पाळीव असेल, पक्ष्याला दाणे टाकून बोलावलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. लिहिलं म्हणून कोणी नावं ठेवणार नाही.

आता घरट्यांचं. फ्रेम क्लीन मिळावी म्हणून लोक समोरची फांदी बाजूला बांधतात नाहीतर सरळ तोडतात, आणि तीच फांदी पिल्लांना ऊन लागू देत नसते आणि कावळ्यांच्या नजरेपासून लपवत असते. आपण तासभर तिथे उभे राहिलो तर आईबाप चारा चोचीत धरून लांबच्या फांदीवर ओरडत बसतात, घरट्याकडे येतच नाहीत, तेवढा वेळ पिल्लं उपाशी. चोचीत किडा आहे, पक्षी सारखा तुमच्याकडे बघतोय, आणि जागचा हलत नाहीये, असं दिसलं की समजायचं आपण नको तिथे उभे आहोत, गुपचूप मागे फिरायचं. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचाच आवाज लावणं हेही बंद करा प्लीज, त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय आणि तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

बगळ्यांच्या फोटोंबद्दल खूप जणांनी विचारलं होतं, की पिसं नुसती पांढरीफटक का येतात, डिटेल का दिसत नाही. काय होतं, मागे गडद पाणी किंवा झाडी असते, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बघतो की बहुतेक फ्रेम काळी आहे, मग तो सगळंच उजळवतो आणि बगळा जळतो, म्हणजे इतका पांढरा होतो की डिटेल उरतच नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) मायनस एकवर न्या, एक फोटो काढा, हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) चालू ठेवा आणि पिसांवर लुकलुकायचं थांबेपर्यंत अजून थोडं खाली या. अंधारं आलेलं पाणी रॉमधून वर काढता येतं, पूर्ण जळलेलं पांढरं मात्र रॉमधूनही परत येत नाही. तोच बगळा उडून आभाळासमोर आला की उलटं, आता प्लस करावं लागतं नाहीतर करडा दिसतो. हे वरखाली करण्यात क्षण निसटतो, म्हणून ऊन एकसारखं असेल तर मी सरळ मॅन्युअल मोड (एक्स्पोजर आपणच ठरवायचं, कॅमेरा ते बदलत नाही) लावते, बगळ्यावरचा उजेड तोच आहे, मागे काहीही येवो. उडताना १/२००० सेकंदाच्या आसपास शटर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी करता येतो, हललेली चोच नाही.

अजून एक, मोबाईलच्या फोटोत लोकेशन सेव्ह होत असतं. दुर्मिळ काही दिसलं तर टाकण्याआधी ते काढा आणि ग्रुपवर नेमकी जागा लिहू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते.

फाईलचं नाव बदलून देऊ नका, कॅमेऱ्याने दिलेला नंबर तसाच राहू दे, रॉशी जुळवताना सोपं जातं.