काळा पडदा नव्हे, जुने मसुदे

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आणि माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारची गिऱ्हाइकं वाढली. संगणक धडधाकट, पण प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून विंडोज 11च्या यादीत बसत नाही. तहसील कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या ताई त्यांतल्याच.

मी लिनक्स मिंट सुचवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. "नको दादा. काळ्या पडद्यावर कमांडी मारत बसायचं, आणि मराठी तर त्यात येतच नाही म्हणे."

वाद घालण्यापेक्षा मी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू केलं. हार्ड डिस्कला हात न लावता ते असं चालवून बघता येतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक निवडून दिला. अक्षरांच्या जागा विंडोजवरच्या इन्स्क्रिप्टसारख्याच, त्यामुळे ताईंनी कळफलकाकडे न बघता आख्खा परिच्छेद टाइप केला. प्रिंटर एचपीचा 1020. तो चालू झाला की दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा छोटा प्रोग्राम घेतो, त्यासाठी वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लागतं. तेवढ्यापुरती मी काळी खिडकी उघडली, एक कमांड दिली. कागद बाहेर आला.

मग ताईंनी जुनं प्रतिज्ञापत्र उघडलं, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांचा चेहरा उतरला. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

खरी अडचण इथे होती, आणि ती लिनक्सची नव्हती. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलीत मराठी नसतंच. असतात रोमन संकेत, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा आकार देतो. फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच दिसलं असतं. फॉन्टची फाइल टाकल्यावर मजकूर दिसू लागला, पण त्यात भर घालायला लागणारं श्रीलिपी सॉफ्टवेअर विंडोजचंच. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. लिनक्स टाकणाऱ्यानं हे लपवलं, तर दुकानदाराचा धंदा बसतो, याची मला फार चीड आहे.

शेवटी दुकानात पुढे असलेल्या संगणकावर मिंट बसवलं. ताईंनी भाडेकराराचा नमुना तेव्हाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा संकेतांत, नव्यानं टाइप करायला घेतला. आतल्या दुसऱ्या संगणकावरही टाकू का, असं त्यांनीच विचारलं.

मी नको म्हटलं. जुने मसुदे युनिकोडमध्ये उतरवून होईपर्यंत तो विंडोजवरच राहू द्या, फक्त इंटरनेटची वायर आजच काढा.