गच्चीवरचा बटाटा: कंद धरू लागले

मंडळी, बोरिवलीच्या गच्चीवरून यंदाची पहिली चांगली बातमी: कुफरी पुखराजने कंद धरलेत.

लवकर येणाऱ्या वाणांत मला हाच भरवशाचा वाटतो, ७० ते ९० दिवसांत काढता येतो. मुंबईत घाई करावीच लागते. पाला इथे उकाड्यातही माजतो, पण खाली कंद धरायला रात्रीचा पारा २० अंशांच्या आत उतरावा लागतो, आणि तशा रात्री आपल्या वाट्याला डिसेंबर-जानेवारीतच काय त्या येतात. म्हणून लावणी नोव्हेंबरच्या मध्यावर केली.

बेणं अख्खंच लावलं, अंड्याएवढं. कापलेल्या फोडी इथल्या दमट, उबदार मातीत पटकन सडतात. त्याआधी अंड्यांच्या ट्रेमध्ये डोळे वर करून उजेडात ठेवलं होतं. अंधारात कोंब लांबुडके आणि नाजूक येतात, उजेडात आखूड नि जाड. लाल माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करून पिशव्या आधी तिसरा हिस्साच भरल्या. झाड वाढेल तशी भर देत गेलो. कंद बेण्याच्या वरच्या अंगाला धरतात, ते उघडे पडले की हिरवे होतात आणि मग खाण्यालायक राहत नाहीत.

काल एका पिशवीच्या कडेची माती बोटांनी अलगद सारली. पांढरे आडवे फुटवे, टोकं आकड्यासारखी वळलेली. त्यातलं एक फुगून वाटाण्याएवढं झालेलं, साल जवळजवळ पारदर्शक. किती वेळ बघत बसलो! मग लगेच माती ओढून घेतली.

दुपारी स्लॅब तापतो, त्यावर उपाय म्हणून पिशव्या विटांवर ठेवल्यात. वर रसवंतीवाल्याकडची वाळलेली उसाची चिपाडं अंथरलीत. त्यांच्याखाली हात घातला तर भर दुपारीही माती गार लागते. गच्चीवर बटाटा करणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी कराच.

पानांखाली थोडा मावा दिसला, निंबोळी अर्क फवारला. मावा विषाणूरोग पसरवतो, म्हणून यातलं बेणं पुढच्या वर्षी धरणार नाही.

पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडणार, आणि फेब्रुवारीच्या मध्यापलीकडे काही थांबणार नाही. उबदार हवामानासाठी काढलेला कुफरी सूर्या कोणी मुंबईत लावलाय का? बेणं कुठे मिळालं तेही सांगा, पुढच्या हंगामात दोन्ही शेजारी-शेजारी लावायचेत.