ऊन जाईल तिकडे घर

२३ डिसेंबर

ताई, भावोजी आणि भाची काल रात्री आली. घरात माणसं वाढली की आमच्याकडे आधी पांघरुणांचा हिशोब होतो. आईने कपाटाच्या वरच्या फळीवरची सगळी बोचकी खाली काढायला लावली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने प्रत्येकाला निदान एकदा तरी शिंक आली.

पांघरुणांच्या बाबतीत बाबांचं मत ठाम आहे. एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणं बरी. मला ते शंभर टक्के पटतं. पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते, पांघरूण ती अडवून धरतं, आणि अडवण्याचं बरंचसं काम कापसात कोंडलेली हवा करते. दोन पांघरुणं घेतली की मधे हवेचा आणखी एक थर फुकट मिळतो. बाबांनी हे भावोजींना हातांनी थर करून दाखवत समजावलं. भावोजींनी सगळं मनापासून ऐकून घेतलं, "अगदी बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि सगळ्यांत जाड रजई काखेत मारून झोपायला गेले.

भाची आजीजवळ झोपली. ही मुलगी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. रात्री डोकं जिथे असतं तिथे पहाटे पाय असतात, आणि जाता जाता पांघरूणही स्वतःभोवती गुंडाळून नेते. सकाळी आई स्वतःची शाल आणि बाबांचा मफलर पांघरून बसली होती आणि नातीच्या झोपेचं कौतुक करत होती.

२४ डिसेंबर

सुट्टीचा पहिला पूर्ण दिवस. ऊन आधी पूर्वेच्या गॅलरीत येतं, म्हणून बाबांची घडीची खुर्चीही तिथेच उघडते. दहाच्या सुमारास ऊन गॅलरीतून काढता पाय घेतं, दक्षिणेच्या खोलीत शिरतं आणि दुपारभर तिथे मुक्काम करतं. तिसऱ्या प्रहरी ते स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत जातं. बाबा, खुर्ची, वर्तमानपत्र आणि शब्दकोड्याची पेन्सिल असा सगळा संसार त्याच्या मागे मागे.

दक्षिणेच्या खोलीतलं हे ऊन उन्हाळ्यात येतच नाही. तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि ऊन छज्जावरच अडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलून खालून जातो, म्हणून तिथल्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येऊन खोलीच्या मध्यापर्यंत पसरतं. एका वेळी एकाच खोलीत, आणि तेही एका सतरंजीएवढंच. त्या सतरंजीवर आज बाबा होते, पालथे झोपलेले भावोजी होते, केस वाळवणारी ताई होती, चित्रं काढणारी भाची होती, आणि भाजी निवडायला जागा शोधणारी आई होती. मी दारात उभा राहून कुठे पाय ठेवता येईल ते बघत होतो.

मला हिवाळ्याची सुट्टी सगळ्या सुट्ट्यांपेक्षा जास्त आवडते ती याचसाठी. उन्हाळ्यात प्रत्येक जण आपापला पंखा धरून आपापल्या खोलीत पडलेला असतो. थंडीत ऊब एकाच जागी असते, मग माणसंही एकाच जागी येतात. कोणी बोलावत नाही, कोणी ठरवत नाही. आणि एकदा जागा मिळाली की ती जाईल या भीतीने कोणी उठत नाही, त्यामुळे गप्पा लांबतात. ताई तिच्या कामाच्या ठिकाणच्या कटकटींबद्दल फोनवर कधी अवाक्षर काढत नाही. आज केस वाळेपर्यंत तिने सगळं सांगितलं. केस लांब आहेत हे बरं झालं.

अकरा वाजता धुणं आलं. थंड हवेत पाण्याची वाफ व्हायला वेळ लागतो, म्हणून टॉवेल आणि जीन्स दोन-दोन दिवस ओलसर राहतात. त्यामुळे आईने कपड्यांचा स्टँड आणून उन्हाच्या बरोबर मधोमध उभा केला. बाबांच्या वर्तमानपत्रावर भावोजींच्या जीन्सची सावली पडली.

"अगं, मी वाचतोय."

"तुम्ही सावलीतही वाळाल. जीन्स नाही वाळणार."

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. खुर्ची वीतभर सरकली. ऊन सरकलं तसा स्टँड सरकला, स्टँड सरकला तशी खुर्ची सरकली, आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत दोघं मिळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

याच गोंधळात बाराच्या ठोक्याला भाचीने खिडकीच्या मधल्या गजाची सावली जिथे संपत होती तिथे फरशीवर खडूने खूण केली. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जातो, म्हणजे ऊन रोज थोडं मागे हटणार, आणि किती हटतं ते तिला मोजायचं आहे. मी तिला घड्याळ मिळवून दिलं आणि आजोबांकडून बारा वाजताच्या एका मिनिटापुरती जागा मोकळी ठेवायचं वचन घेतलं.

२६ डिसेंबर

काल आणि आज काही विशेष झालं नाही. फार छान गेले दोन्ही दिवस. वार विचारला तर घरात तीन उत्तरं मिळतात.

दाराची कडी हाताला बर्फासारखी लागते आणि लाकडी दार तेवढं गार लागत नाही, हे भाचीने शोधलं. दोन्ही रात्रभर एकाच हवेत असतात, तापमान जवळजवळ सारखंच असतं. फक्त धातू हातातली उष्णता भराभर ओढून घेतो, लाकूड घेत नाही. ताईचा यावर एकच प्रश्न होता: मग सकाळी न्हाणीघराची कडी कोणी आधी उघडायची? गीझरच्या रांगेत सगळ्यांना दुसरा नंबर हवा असतो.

२९ डिसेंबर

खडूच्या खुणांनी घरात खळबळ उडवली आहे.

भाचीच्या हिशोबाने खुणा खिडकीच्या दिशेने मागे जायला हव्या होत्या. तशा त्या गेल्या, पण बोटभरसुद्धा नाही. पश्चिमेला मात्र जवळजवळ दोन बोटं सरकल्या. तिला वाटलं घड्याळ बिघडलं. भावोजींना वाटलं खिडकी. बाबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि चष्मा लावून फरशीवर बसले. आईला हे दृश्य इतकं आवडलं की तिने त्या दिवशीचा स्टँड गॅलरीत नेला.

मागे न सरकण्याचं कारण सोपं आहे. डिसेंबरच्या या दिवसांत सूर्य दक्षिणेचं टोक गाठून परत वळत असतो आणि वळताना फार हळू चालतो. महिना गेला की खुणा भराभर मागे येतील. बाजूला सरकण्याचं कारण जास्त गमतीचं. सूर्य आज आकाशात सगळ्यांत उंच आल्यापासून उद्या पुन्हा सगळ्यांत उंच येईपर्यंत बरोबर २४ तास लागतात, असं आपण धरून चालतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र २४ तास आणि वर साधारण ३० सेकंद लागतात. मोठा वाटा पृथ्वीची आस सुमारे २३.४ अंशांनी कललेली असण्याचा. उरलेला वाटा वेगाचा, कारण या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटरच्या आसपास पळते. जुलैत हाच वेग २९.३ असतो. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य रोज अर्धा मिनिट मागे, पूर्वेकडे राहिलेला असतो, आणि सावली तेवढीच पश्चिमेला पडते. घड्याळही ठीक आहे, खिडकीही ठीक आहे.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन जातो, तरी सूर्योदय जानेवारीतही काही काळ आणखी उशिराच होत राहतो. दिवसाची वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूला पडते. विषुववृत्ताच्या जितकं जवळ राहाल तितका हा काळ जास्त लांबतो.

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सूर्यसुद्धा सुट्टीत उशिरा उठतो?"

भावोजी रजईत होते. ते उठून बसले, एवढंच ऐकलं आणि पुन्हा आडवे झाले. गेली कित्येक वर्षं ताई त्यांना "सूर्य उगवला तरी झोपताय" असं म्हणत आली आहे. आता निदान जानेवारीच्या मध्यापर्यंत तरी तिला हे वाक्य जपून वापरावं लागेल.

३१ डिसेंबर

रात्री बारापर्यंत जागायचं असं सगळ्यांनी ठरवलं. जागून करायचं काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. साडेदहाला बाबा डुलक्या घेऊ लागले आणि भाची वैतागली. मी वेळ काढायला तिला सांगितलं की वर्ष १ जानेवारीलाच सुरू व्हायला हवं असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. हे ऐकून बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "मग मार्चमध्ये जागू या का?"

२०१६ च्या ३१ डिसेंबरची गोष्ट मात्र तिला आवडली. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळांशी जुळावं म्हणून त्या वर्षाच्या शेवटच्या मिनिटाला एक सेकंद जास्तीचा जोडला होता, म्हणजे ते मिनिट ६१ सेकंदांचं होतं. तो सेकंद कोणी कशासाठी वापरला, हे तिला जाणून घ्यायचं होतं. ताई म्हणाली, "तू तेव्हा रडत असणार." भावोजी म्हणाले, "मी झोपलो असणार." दोन्ही उत्तरं मला बरोबर वाटली.

मग भाचीला युक्ती सुचली. परवा अंधारात स्वेटर काढताना तिला ठिणग्या दिसल्या होत्या. तेव्हा बाराला सगळे दिवे बंद करायचे आणि सगळ्यांनी एकदम स्वेटर काढायचे.

तयारी जोरात झाली. ठिणग्या कृत्रिम लोकरीच्या कपड्यांतून जास्त निघतात, म्हणून प्रत्येकाने कपाट धुंडाळलं. अंगावर कपडा घासला की विद्युतभार साठतो. दमट हवेत तो हळूच निसटून जातो, पण थंडीत हवा कोरडी असते म्हणून साठून राहतो आणि कपडा ओढला की चटचट उड्या मारतो. व्होल्ट हजारोंनी असतात, पण भार इतका थोडा की फक्त टोचल्यासारखं होतं. आईला हे दोनदा सांगावं लागलं.

बाराला दिवे गेले. काळोखात भाचीने दहापासून उलटे आकडे मोजले. "शून्य!" म्हटल्यावर स्वेटर वर गेले आणि खोलीभर निळसर ठिणग्या तडतडल्या. ताईच्या केसांतून सगळ्यांत लांब रेघ निघाली. बाबांचं डोकं स्वेटरच्या गळ्यात अडकलं आणि आतून ते विचारत राहिले, "झालं का? दिसलं का?" त्यांना सोडवायला भावोजी गेले तर दोघांना एकदमच चटका बसला आणि दोघंही ओरडले. आईने शेवटी आपली जुनी अॅक्रिलिकची शाल दोन्ही हातांनी झटकली. तिच्या शालीपुढे कोणाचा स्वेटर टिकला नाही. इतक्या वर्षांत या घराने इतकं चांगलं नवं वर्ष पाहिलेलं नाही. नंतर सगळे कुडकुडत पुन्हा स्वेटर शोधू लागले आणि अंधारात ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने घातला.

१ जानेवारी

भावोजी आईच्या स्वेटरमध्ये उठले. साडेनऊला. सूर्याचं नाव सांगून.

३ जानेवारी

ताई आज परत जाणार. बॅगा आल्या त्यापेक्षा जड झाल्या आहेत आणि एक मोजा कुणालाच सापडत नाही. सापडेलच, रजया घड्या करताना.

या दोन-तीन दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटर जवळ. भाचीला हे सांगितलं तर ती चिडलीच. जवळ जाऊनही थंडी? मग मी टॉर्च घेतली. सरळ धरली की प्रकाशाचं वर्तुळ लहान आणि लख्ख पडतं, तिरपी धरली की लांबट आणि फिकं. आपल्याकडे या दिवसांत ऊन तिरपं येतं आणि दिवसही लहान असतो. त्यापुढे ५० लाख किलोमीटरांचं काही चालत नाही. तिला ते पटलं, तरी "थोडं तरी चालायला हवं होतं" असं ती म्हणाली, आणि मला तिचा राग समजतो.

खुणांचं काम तिने आजोबांकडे सोपवलं आहे. निदान मार्चपर्यंत रोज बाराला खूण, बाजूला तारीख, ढग असले तर फुली. बाबांनी वही घातली. अडचण आईची होती.

"म्हणजे मार्चपर्यंत मी तिथली फरशी पुसायची नाही?"

"आजी, कडेकडेने पूस ना."

"आणि पाहुणे आले तर काय सांगू?"

"सांग की इथे सूर्य येतो," भाची म्हणाली.

शेवटी भावोजींनी बॅगेतून चिकटपट्टी काढली. खडूच्या प्रत्येक खुणेवर तिचा इवलासा तुकडा लागला, आणि चिकटपट्टीवरून हलक्या हाताने पोछा फिरवायला आईची हरकत नाही असं ठरलं. कपड्यांचा स्टँड बाराला पाच मिनिटं बाजूला घ्यायचंही तिने कबूल केलं, पण फक्त जीन्स नसतील त्या दिवशी. भाची आता रोज बाराला पाच कमी असताना तिकडून फोन करणार आहे. बाबांनी खुर्ची वेळेत हलवली का, ते विचारायला.